खाडीचं पाणी मोजताना तिथी का लिहावी: प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२४
सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका छोट्या खाडीवर पाच ठिकाणं पक्की केली. समुद्राकडून आत जाताना ती अशी: तोंड, जेटी, नाला, साकव आणि कोंड. कोंड म्हणजे नदीचं निव्वळ गोडं पाणी. नाल्यातून वाडीचं सांडपाणी आणि सेप्टिक टाक्यांचा ओघळ येतो. जेटीवर मासळी धुतलेलं पाणी थेट खाडीत पडतं.

प्रत्येक ठिकाणी मोजायचं ते: तापमान, खारेपणा, सामू (पीएच), विरघळलेला ऑक्सिजन, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद). अमोनिया फक्त नाला आणि जेटीला. वहीत दर नमुन्यापुढे वेळ, तिथी आणि भरती-ओहोटीची अवस्था लिहायची. हे तीन रकाने रिकामे असतील तर बाकीचे आकडे वापरायचे नाहीत.

भरतीची वेळ काढायला इथला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. अमावस्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या आसपास आणि पुन्हा संध्याकाळी साडेपाचला. खाडीत आत जावं तशी ओहोटी अर्धा-पाऊण तास मागे पडते, ते धरून साकवाची वेळ ठरवायची.

सीओडी, म्हणजे पाण्यातलं सेंद्रिय द्रव्य रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, मोजायचं नाही असं ठरलं. त्या चाचणीत डायक्रोमेट सेंद्रिय द्रव्याबरोबर क्लोराइडही जाळतो. १ ग्रॅम क्लोराइड २२६ मिलिग्रॅम ऑक्सिजनइतका खोटा आकडा देतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं, म्हणजे चार हजारांवर आकडा नुसत्या मिठाचा. मर्क्युरिक सल्फेट घालून हे दाबता येतं, पण एवढ्या खाऱ्या पाण्यात ते धड दबत नाही, आणि पाऱ्याचा कचरा आपणच तयार करतो. खाडीच्या अहवालात कुठे सीओडी हजारांत दिसला तर आधी खारेपणा विचारावा.

३ मार्च
ऑक्सिजनसाठी विंकलर पद्धत, म्हणजे रसायनं घालून टायट्रेशनने मोजणी. लायोश विंकलर यांनी ती १८८८ मध्ये दिली. आजही मीटर खरा बोलतो का, हे तपासायला तीच वापरतात. मीटरचा पडदा खाडीच्या गाळाने माखतो आणि आकडा हळूहळू घसरत जातो, म्हणून आपल्याकडे मुख्य पद्धत हीच.

द्रावणं, प्रत्येकी १ लिटर:
मॅंगनीज सल्फेट, एक रेणू पाण्याचं, ३६४ ग्रॅम.
सोडियम हायड्रॉक्साइड ५०० ग्रॅम आणि सोडियम आयोडाइड १३५ ग्रॅम. त्यात ४० मिली पाण्यात विरघळवलेलं १० ग्रॅम सोडियम अझाइड.
सोडियम थायोसल्फेट, पाच रेणू पाण्याचं, ६.२०५ ग्रॅम. सोबत ०.४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड. हे ०.०२५ नॉर्मल (द्रावणाच्या तीव्रतेचं माप) होतं.

अझाइड घातलं नाही तर सांडपाण्यातलं नायट्राइट आयोडाइडमधून आयोडीन सोडवतं आणि ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दिसतो. नाल्याजवळ नेमकं तेच होणार, म्हणून ते टाळता येत नाही. पण अझाइड विषारी आहे. आम्लात पडलं की त्याचा घातक वायू होतो आणि धातूच्या नळात साचलं तर स्फोटक क्षार बनतात. वापरलेलं सगळं द्रावण झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये साठवायचं. मोरीत नाही, खाडीत तर नाहीच.

तळाचं पाणी घ्यायला डबा तयार केला. ११० मिमी पीव्हीसी पाइपचा ३० सेंमी तुकडा, दोन्ही टोकांना टोपण, आत ३०० मिलीची बीओडी बाटली (घट्ट काचेच्या बुचाची) उभी. वरच्या टोपणातून एक नळी थेट बाटलीच्या बुडापर्यंत. दुसरी आखूड नळी डब्यातली हवा बाहेर सोडण्यासाठी. पाणी आधी बाटलीत उतरतं, ती भरून वाहते, मग डबा भरतो. डब्यात बाटलीखेरीज साधारण दोन लिटर जागा उरते, म्हणजे बाटलीतलं पाणी सहा-सात वेळा बदलतं आणि हवेला लागलेलं पहिलं पाणी निघून जातं. रिकामा डबा तीन लिटरभर पाणी बाजूला सारतो, म्हणून खाली ४ किलो शिसं बांधलं. बुडबुडे थांबले की वर ओढायचा. दोरीला बांधलेली साधी बाटली इथे चालत नाही: तिच्यात पाणी गडगडत शिरतं आणि जाताजाता हवेतला ऑक्सिजन घेतं.

४ मार्च, माघ वद्य अष्टमी
सकाळी साडेसहा, भरती. नाल्याच्या मुखाशी खारेपणा ३३ भाग प्रति हजार, सामू ८.०, ऑक्सिजन ५.६ मिग्रॅ प्रति लिटर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या किनारी पाण्याला, म्हणजे एसडब्ल्यू-२ ला, किमान ४ मिग्रॅ लागतो. या एका आकड्यावर खाडी उत्तीर्ण होते.

बाटली भरण्याची रीत पुन्हा लिहून ठेवतो, कारण निम्म्या चुका इथेच होतात. नळी बुडाला टेकवून पाणी संथ सोडायचं, बाटली दोन-तीन वेळा भरून वाहू द्यायची, नळी सावकाश वर काढायची. लगेच मॅंगनीजचं १ मिली आणि अझाइड-आयोडाइडचं १ मिली, पिपेटचं टोक पाण्याखाली धरून. काचेचं बूच तिरकं बसवायचं म्हणजे खाली हवा अडकत नाही. १५-२० वेळा उलटसुलट करायची. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. प्रयोगशाळेत जाण्याआधी होडीतच कळतं. साका अर्धा खाली बसला की १ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल, आणि बाटली अंधारात. आठ तासांच्या आत त्यातलं २०१ मिली घेऊन थायोसल्फेटने टायट्रेट करायचं. वरचे १ मिली आधीच्या दोन द्रावणांनी बाहेर ढकललेल्या पाण्याच्या हिशेबाचे. असं केलं की ब्युरेटचा १ मिली म्हणजे सरळ १ मिग्रॅ प्रति लिटर ऑक्सिजन. स्टार्च द्रावण फिकट गवती रंगावर आल्यावरच घालायचं. आधी घातलं तर ते आयोडीन धरून ठेवतं आणि शेवटबिंदू लांबतो.

१० मार्च, माघ अमावस्या
याच दिवसासाठी वेळापत्रक आखलं होतं. अमावस्येला दोन ओहोट्या पहाटे आणि संध्याकाळी येतात. पाण्याची उंची जवळपास तीच, खारेपणा जवळपास तोच, नाल्याचा वाटा तेवढाच. फरक फक्त मध्ये ऊन पडून गेल्याचा.

नाला, पहाटे ५.३०: खारेपणा २७, सामू ७.४, ऑक्सिजन १.८.
नाला, संध्याकाळी ५.५०: खारेपणा २७, सामू ८.२, ऑक्सिजन ७.४.

या तापमानाला आणि खारेपणाला हवेशी समतोल असलेल्या पाण्यात सुमारे ६.६ मिग्रॅ मावतो. संध्याकाळचं पाणी त्याच्याही वर, पहाटेचं त्याच्या पाव भागाला जरा वर. एवढा झोका निरोगी खाडीत नसतो. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन शेवाळ वाढतं, दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ आणि तळातले जिवाणू तो ओढतात. ऑक्सिजन २ च्या खाली गेला की तळाला बसलेल्या तिसऱ्या (शिंपल्या) कवच मिटून घेतात, आणि पळू शकणारा मासा पळतो.

सामूचा झोकाही त्याच व्यवहाराचा. सेंद्रिय द्रव्य कुजताना १३८ रेणू ऑक्सिजन खर्च होऊन १०६ रेणू कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १ मिग्रॅ ऑक्सिजन म्हणजे ३१ मायक्रोमोल. तो संपला की सुमारे २४ मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड पाण्यात जमा होतो, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि सामू उतरतो. ऑक्सिजन आणि सामू एकत्र पडले तर कारण कुजण्यात शोधावं. सामू एकटाच पडला तर दुसरं आम्ल कुठून आलं ते पाहावं.

अष्टमीला सकाळी भरती आणि अमावस्येला पहाटे ओहोटी, ही इथल्या किनाऱ्याची कायमची जुळणी आहे. म्हणून कोणी सोयीने महिन्यातून एकदा, भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या, कमी चढ-उताराच्या) दिवशी, सकाळी उजाडल्यावर नमुना घेत असेल तर वर्षभर त्याला चांगलीच खाडी दिसेल. सगळ्यात वाईट पाणी उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या, पहाटे, उजाडण्याआधी असतं. रात्रभराचा श्वास आणि उतरलेलं पाणी त्याच तासाला एकत्र येतात.

२५ मार्च, पौर्णिमा
अल्कलिनिटीची फेरी. अल्कलिनिटी म्हणजे सामू न ढळता आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेटमुळे. १०० मिली नमुना, ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल, मीटरवर सामू ४.५ येईपर्यंत. लागलेले मिली गुणिले १० म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मिग्रॅ प्रति लिटर. ब्युरेट ०.०५ मिलीपर्यंत वाचायची. मिथिल ऑरेंजच्या रंगावर जाऊ नये, गढूळ पाण्यात नारिंगी आणि पिवळ्यातला फरक दिसत नाही.

कोंड ४६ (खारेपणा ०), तोंड ११८ (खारेपणा ३५). हे दोन बिंदू आलेखावर जोडले की मिश्रणरेषा मिळते. गोडं आणि खारं पाणी नुसतं मिसळत असेल तर मधली सगळी ठिकाणं या रेषेवर पडली पाहिजेत. दर भाग खारेपणाला २.०६ मिग्रॅ.

साकव: खारेपणा १४, रेषेप्रमाणे ७५, मोजलेली ७५.
नाला: खारेपणा २७, रेषेप्रमाणे १०१.५, मोजलेली ११३.
जेटी: खारेपणा ३१, रेषेप्रमाणे ११०, मोजलेली १०४.

नाल्याला रेषेच्या वर, जेटीला रेषेच्या खाली. नुसतं अल्कलिनिटी वाचून हे कधी कळलं नसतं. ११३ आणि १०४ दोन्ही आकडे खाडीत शोभतात. खारेपणासमोर मांडल्यावरच माणसाचा हात दिसतो.

नाल्यात प्रथिनं आणि युरिया फुटून अमोनिया होतो, आणि त्या क्रियेत अल्कलिनिटी वाढते. पुढे जिवाणू त्याच अमोनियाचं नायट्रेट करतात (नायट्रीकरण) आणि उलटा हिशेब सुरू होतो: १ मिग्रॅ अमोनिया-नत्रामागे ७.१४ मिग्रॅ अल्कलिनिटी आणि ४.५७ मिग्रॅ ऑक्सिजन खर्च. जेटीला रेषेपासून ६ मिग्रॅची तूट आहे. ती सगळी नायट्रीकरणाची धरली तर ०.८ मिग्रॅ नत्र, म्हणजे साडेतीन मिग्रॅवर ऑक्सिजन गेला. दुसरी शक्यता तिसऱ्यांच्या थराची: कवच बांधताना त्याही पाण्यातून अल्कलिनिटी काढतात. दोन्हींत निवाडा नायट्रेटवर होतो. नायट्रेट रेषेच्या वर असेल तर नायट्रीकरण, नसेल तर कवचं. पुढच्या फेरीत नायट्रेट घ्यायचं.

१४ एप्रिल
नायट्रेट जेटीला मिश्रणरेषेच्या स्पष्ट वर. नायट्रीकरण नक्की. कॅडमियम-क्षपणाचा किट वापरताना खाऱ्या पाण्याची वेगळी रंगपट्टी घ्यावी लागते. गोड्या पाण्याची पट्टी खाऱ्याला कमी आकडा देते.

८ मे
उन्हाळ्याच्या अडचणी. थायोसल्फेट महिनाभरात ०.०२५० वरून ०.०२४१ वर आलेलं. बाटली उबदार खोलीत उघडझाक होत राहिली की जिवाणू ते फोडतात. दुरुस्ती केली नसती तर प्रत्येक ऑक्सिजन जवळपास ४ टक्के जास्त दिसला असता. आता दर फेरीआधी तपासणी: १०३ अंशांवर वाळवलेलं पोटॅशियम डायक्रोमेट १.२२६ ग्रॅम प्रति लिटर, त्यातलं २० मिली, २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, थोडं आम्ल, पाच मिनिटं अंधारात, मग टायट्रेशन. २० मिली लागायला हवेत. शेवटी निळा जाऊन फिकट हिरवा राहतो, तो क्रोमियमचा. पूर्ण पांढरं होण्याची वाट पाहिली तर बिंदू पुढे जातो.

सामू मीटर. मीटर जुळवायच्या ७ आणि ९.२ या ठरावीक सामूच्या बफर गोळ्यांची द्रावणं जवळजवळ गोड्या पाण्यासारखी असतात. त्यांच्यावर मीटर जुळवून इलेक्ट्रोड थेट समुद्राच्या पाण्यात घातला की संधीवरचं विद्युत-अंतर बदलतं आणि वाचन ०.१ पर्यंत सरकू शकतं. इलाज: बफरनंतर इलेक्ट्रोड दहा मिनिटं तोंडाच्या पाण्यात ठेवायचा, मग वाचायचं, आणि बफरचं तापमान लिहायचं.

इथे एक मर्यादा ठळक लिहायला हवी. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या वरच्या थराचा सरासरी सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. सामूचं मोजमाप लॉगरिथमचं असल्याने या ०.१ चा अर्थ हायड्रोजन आयन ३० टक्क्यांच्या आसपास वाढले. वर्षाला हा बदल ०.००२ च्या घरात येतो. आपल्या मीटरची अनिश्चितता त्याच्या पन्नासपट. म्हणून या वहीतून 'समुद्र आम्लधर्मी होतोय' असं दाखवता येणार नाही, आणि कोणी तसा दावा या आकड्यांवर करू नये. त्यासाठी वर्षानुवर्षं रंगद्रव्याच्या वर्णमापनाने घेतलेली मोजमापं लागतात. हवाई बेटांवरच्या मौना लोआवर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये मोजणी सुरू केली तेव्हा हवेत दशलक्षात सुमारे ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता ४२० च्या वर आहे. माणसाने सोडलेल्यापैकी साधारण पाव भाग समुद्राने घेतला. आपली खाडी त्या बदललेल्या समुद्राचंच पाणी भरतीला आत घेते. त्यावर वाडीचं सांडपाणी काय करतं, एवढंच आपण मोजतो, आणि ते नीट मोजता येतं.

९ जून
पहिला जोराचा पाऊस. उन्हाळाभर रस्त्यावर, गोठ्यांत, आंब्याच्या बागांत साचलेलं सगळं एका रात्रीत खाली आलं. वर्षातली ही सर्वांत महत्त्वाची फेरी, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा चुकते, कारण होडी बाहेर काढायला कोणी तयार नसतं. साकवावरून डबा सोडला.

साकव, पृष्ठभाग: खारेपणा ४, ऑक्सिजन ६.१, सामू ६.६, अल्कलिनिटी २२.
साकव, तळ ३ मीटर: खारेपणा २९, ऑक्सिजन १.२, सामू ७.२.

गोडं पाणी हलकं, ते वर पसरतं. खारं जड, ते खाली अडकतं. मध्ये हवा जायला वाट नाही. वरच्या थरातला गाळ आणि शेण खाली बसतं आणि तळाचा उरलेला ऑक्सिजन खाऊन टाकतं. फक्त काठावरून बादली भरणाऱ्याला ६.१ मिळालं असतं. तळाच्या पाण्याला कुजक्या अंड्याचा वास होता: ऑक्सिजन संपला की जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात, आणि ते खाऱ्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅमहून जास्त असतं. वास येतो तिथे विंकलरचा आकडाही भरवशाचा नाही, सल्फाइड आयोडीन खातं. अशा नमुन्यापुढे 'वास' एवढं लिहून आकडा कंसात टाकायचा.

जांभ्यावरून येणारं पाणी मऊ असतं. चुनखडकाच्या प्रदेशातली नदी आम्ल पचवून टाकते, आपली नदी पावसाळ्यात ते करू शकत नाही. अल्कलिनिटी २२ म्हणजे समुद्राच्या पाचव्या भागाहून कमी. सांडपाण्याचा तोच भार मार्चमध्ये सामू जेवढा खाली नेतो, त्याहून जूनमध्ये जास्त नेतो. साकवाच्या बाजूच्या तिसऱ्यांचा बिजागरीजवळचा शेंडा झिजून पांढरा पडलेला दिसतो, कारण तिथलं कवच सर्वांत जुनं आणि वरची साल गेली की चुना उघडा.

मऊ पाण्यात सामू वाचायला तीन ते पाच मिनिटं लागतात. आकडा रेंगाळतो; घाई केली की मागच्या नमुन्याचा सामू लिहिला जातो.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
१ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी उठून होड्या सुरू. जेटीला एकूण अमोनिया-नत्र १.४ मिग्रॅ. बंदीच्या काळात तो ०.२ च्या खाली होता. नाला तोच, पाऊस तोच, म्हणून हा फरक मासळी धुण्याचा.

अमोनियात दोन रूपं असतात. अमोनियम आयन फारसा घातक नाही, मुक्त अमोनिया माशाच्या कल्ल्यांतून आत शिरतो. वाटणी सामू ठरवतो: ३० अंशांच्या पाण्यात सामू ७ ला मुक्त भाग १ टक्क्याच्या आत, ८ ला ६-७ टक्के. म्हणजे पहाटे ऑक्सिजन नाही आणि दुपारी, शेवाळाने सामू चढवल्यावर, तोच अमोनिया विषारी. एकाच दिवसात दोन वेगळ्या वेळी दोन वेगळे धोके. अमोनियाचा नमुना म्हणून दुपारी घ्यायचा, ऑक्सिजनचा पहाटे.

१८ सप्टेंबर, पौर्णिमा
तोंड, सकाळी ११.३०, पूर्ण भरती. पृष्ठभाग २८.५ अंश, ऑक्सिजन ५.९. तळ ८ मीटर: २५.५ अंश, खारेपणा ३५, ऑक्सिजन २.६, सामू ७.७.

हे पाणी खाडीचं नाही. एवढं थंड आणि एवढं खारं पाणी बाहेरूनच येतं. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर खोलातलं पाणी उथळाकडे चढतं. ते मुळातच ऑक्सिजनला गरीब आणि कार्बन डायऑक्साइडने भरलेलं असतं. अरबी समुद्राच्या मध्य खोलीत जगातल्या मोठ्या ऑक्सिजन-न्यून पट्ट्यांपैकी एक आहे. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था बरीच वर्षं हे मोजते आहे, आणि तिथे पावसाळ्याच्या अखेरीस तळाचा ऑक्सिजन शून्याला टेकतो. ही घटना निसर्गाची. पण वरून पडणारं सेंद्रिय द्रव्य आणि खतांचं नत्र तिच्यात भर घालतं, आणि उथळ समुद्रातला ऑक्सिजनचा तुटवडा गेल्या शतकात तीव्र झाला आहे.

म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोंडाशी ऑक्सिजन कमी दिसला तर नाल्यावर बोट ठेवू नये. निवाडा तापमान आणि खारेपणा करतात: थंड आणि ३५ असेल तर बाहेरचं, कोमट आणि कमी खारं असेल तर आपलं.

२ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावस्या
पहाटे ५.२०, नाला: खारेपणा १९, सामू ७.२, ऑक्सिजन १.४. सकाळी ग्रामसभेसमोर तक्ता ठेवला. त्यात प्रत्येक ठिकाणचे दोनच आकडे घेतले: उधाणाच्या पहाटेचा ऑक्सिजन आणि मिश्रणरेषेपासून अल्कलिनिटीचं अंतर. बाकी रकाने वहीत.

सभेत दोन सूचना आल्या. एक, सेप्टिक टाक्यांना शोषखड्डे. जांभ्यात ते जपून: खडक सच्छिद्र, आत पोकळ्या आणि भेगा, त्यामुळे पाणी गाळलं न जाता विहिरीत आणि खाडीत निघून जातं. खड्ड्यात निदान मीटरभर जाड वाळू-मातीचा थर हवा, किंवा टाकीनंतर केळी-कर्दळीचा अस्तर केलेला वाफा. नत्र तिथेच अडलं पाहिजे.

दुसरी, जेटीचं पाणी टाकीत साठवून भरती पलटल्यावर सोडायचं, म्हणजे ओहोटीबरोबर बाहेर जाईल. जेटीचे आकडे त्याने नक्की सुधारतील. पण सप्टेंबरचा तोंडाचा तळ २.६ वर आहे, आणि १ मिग्रॅ अमोनिया-नत्र पुढे साडेचार मिग्रॅ ऑक्सिजन मागणारच, खाडीत किंवा बाहेर. टाकीत आधी खवले आणि रक्त गाळून, गाळ शेतीखताला देऊन मग उरलेलं पाणी सोडलं तर ही सूचना मान्य करावी. टाकीच्या मापासाठी जेटीवर रोज किती पाणी वापरलं जातं ते नोव्हेंबरभर पंपाच्या चालू तासांवरून मोजायचं ठरलं. पंपाचा लिटर-प्रति-मिनिट वेग २०० लिटरच्या पिंपाने तपासून घ्यायचा, पाटीवर लिहिलेला धरायचा नाही.